श्वानांचा काचबिंदू

माणसाचा डोळा दुखू लागला म्हणजे तो कपाळ दाबून धरतो, दिवा मालवावयास सांगतो, रात्रभर कण्हतो; आणि घरची मंडळी सकाळ होताच त्यास वैद्याकडे नेतात. श्वानाला ही सोय नाही. त्याच्या डोळ्यात कितीही असह्य वेदना असली तरी तो बहुधा मुकाट्याने एखाद्या कोपऱ्यात जाऊन पडतो, जेवणावर त्याचे मन राहात नाही, आणि हाक मारली असता शेपूट हलविण्याचा शिष्टाचार मात्र तो त्याही स्थितीत पाळतो. डोळा लाल झालेला पाहून आपण म्हणतो, 'डोळा आला असेल, दोन दिवसांत बरा होईल.' ते दोन दिवस उलटतात, आणि पुष्कळदा त्या दोन दिवसांतच त्याची दृष्टी कायमची गेलेली असते. ज्या रोगामुळे असे घडते त्यास काचबिंदू असे म्हणतात. आज त्याविषयी चार शब्द आपणांस सांगावयाचे योजिले आहे.

हा विषय अंबडसारख्या ठिकाणी विशेष अगत्याचा आहे. एके काळी शेतीवाडीचे गाव असलेले अंबड आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाले आहे. एकीकडे कारखान्यांच्या फाटकांशी रात्रंदिवस जागणारे राखणीचे कुत्रे आहेत. दुसरीकडे सिडकोच्या घरांतून हौसेने पाळलेली कॉकर स्पॅनिएल, बीगल, शिह्-त्झू, हस्की अशी विलायती जातींची कुत्री आहेत. घरातल्या कुत्र्याकडे निदान एक माणूस लक्ष ठेवितो; परंतु फाटकावरचा कुत्रा सर्वांचा, म्हणून पुष्कळदा कोणाचाच नाही, अशी त्याची अवस्था असते. काचबिंदूच्या रोगात वेळ तासांनी मोजावी लागते, आणि म्हणून हा 'कोणाचाच नाही' असलेला प्राणी सर्वांत आधी आंधळा होतो.

प्रथम काचबिंदू आणि मोतीबिंदू ह्यांमधील भेद स्पष्ट करून घेऊ, कारण ह्या दोन शब्दांची लोकव्यवहारात नेहमी गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग पांढरे होते. बाहुलीच्या आत मोत्यासारखा ठिपका दिसतो. काचबिंदूत भिंगाचा मूळ दोष नसून डोळ्याच्या आतील दाब वाढलेला असतो. आणखी एक तिसरी गोष्ट आहे. सात-आठ वर्षांपुढील कुत्र्याच्या डोळ्यांत भिंग वयोमानाने घट्ट होऊन निळसर धुके दिसू लागते. त्यात लाली नसते, वेदना नसते, दृष्टीही फारशी कमी होत नाही. ते म्हातारपणाचे लक्षण होय, रोग नव्हे. युरोपीय भाषांत काचबिंदूस जे नाव आहे ते निळसर-हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. तेव्हा रंगावरून होणारा हा घोटाळा केवळ आपल्याकडचाच नव्हे.

आता डोळ्यात काय घडते ते पाहू. बुबुळाच्या मागील बाजूस एक वळकटीसारखा भाग आहे; त्यातून स्वच्छ पाण्यासारखा द्रव अखंड पाझरत असतो. हा द्रव बाहुलीतून पुढे येतो, भिंगास व पुढच्या पारदर्शक पटलास पोषण देतो, आणि बुबुळ व ते पटल जेथे एकमेकांस मिळतात त्या कोनातील बारीक जाळीतून निथळून रक्तात मिसळतो. हा अश्रूंचा प्रवाह नव्हे. अश्रू डोळ्याच्या बाहेर वाहतात, हा द्रव डोळ्याच्या आत फिरतो.

गंगापूर धरणाची गोष्ट नाशिककरांस निराळी सांगावयास नको. पाऊस पडत राहिला आणि दरवाजे उघडलेच नाहीत तर जलाशय किती वेळ दम धरील? डोळ्याची अवस्था नेमकी तशीच आहे. काचबिंदूत पाणी अधिक येते असे नाही, तर निचऱ्याची वाट बंद होते. येणारे पाणी येतच राहते, आणि डोळ्याच्या बंदिस्त गोलात दाब चढू लागतो. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटरांइतका असतो. तीव्र काचबिंदूत तो ५० च्याही वर गेलेला आढळतो. धरणाची भिंत फुटली तर निदान आवाज होतो. डोळ्याची भिंत फुटत नाही. तिच्याऐवजी डोळ्याच्या तळाशी असलेला, दृश्याची वार्ता मेंदूकडे नेणारा मज्जातंतू चेंगरला जातो. हा तंतू एकदा मेला म्हणजे पुन्हा उगवत नाही. तीव्र दाबाखाली तो अनेकदा एका दिवसात, फार तर दोन-तीन दिवसांत निकामी होतो.

ही निचऱ्याची वाट का बंद होते? कारणे दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार आनुवंशिक. काही जातींत तो कोन जन्मतःच अरुंद किंवा सदोष असतो. कुत्रा तरुणपणी अगदी ठणठणीत दिसतो आणि मध्यम वयात एके दिवशी अकस्मात दाब चढतो. अमेरिकन कॉकर स्पॅनिएल, बॅसेट हाउंड, शिह्-त्झू, सायबेरियन हस्की ह्यांत असे आढळते. बीगल जातीत ह्याचा एक निराळा, हळूहळू वाढणारा प्रकार असून त्यास कारणीभूत असलेला जनुकातील बदल २०११ साली शोधून काढण्यात आला. अशा रोगी कुत्र्यापासून पिलावळ घेऊ नये, हे ओघानेच आले.

दुसरा प्रकार अन्य रोगांच्या पाठोपाठ येतो. डोळ्यात आतून सूज आली, रक्त साकळले, गाठ झाली, मार बसला, अथवा पिकून गळू लागलेल्या मोतीबिंदूने डोळ्याचा दाह झाला, तर निचऱ्याची जाळी तुंबते. टेरिअर जातींत भिंगास धरून ठेवणारे धागे तुटून ते आपल्या जागेवरून सरकते व बाहुलीचा मार्ग अडविते. आपल्या प्रांतात ह्या दुसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यावयास पाहिजे, कारण आपल्याकडे गोचीड पुष्कळ. गोचिडांपासून होणाऱ्या तापात डोळ्याच्या आत सूज व रक्तस्राव होतो, आणि त्यातून काचबिंदू उद्भवू शकतो. फाटकावरच्या गावठी कुत्र्याला आनुवंशिक काचबिंदूचे भय कमी. परंतु गोचिडांचे भय त्यालाच सर्वांत जास्त. म्हणून त्याच्या अंगावरील गोचीड वेळच्या वेळी नाहीसे करणे हे त्याच्या डोळ्यांचेही रक्षण होय.

आता लक्षणे. डोळा लाल होतो. पण ही लाली पापणीच्या आतील नाजूक गुलाबी रंगाची नसून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जाड, ठळक शिरा उमटलेल्या दिसतात. पुढचे पारदर्शक पटल निळसर, वाफ धरलेल्या काचेसारखे होते. बाहुली मोठी होऊन तशीच राहते. उजेड टाकला तरी आकसत नाही. पाणी येते, कुत्रा डोळा मिचकावतो, तोंडाच्या त्या बाजूस हात लावू देत नाही, डोके भिंतीला टेकून बसतो, किंवा नुसताच झोपून राहतो. पुष्कळ लोक ह्या झोपेस वयाचा परिणाम समजतात. वास्तविक माणसास अशा दाबाने जे अर्धे कपाळ फुटल्यासारखे दुखणे होते, तसेच दुखणे त्या मुक्या प्राण्यास होत असावे, असे मानण्यास सबळ कारण आहे. दाब उतरला की तोच कुत्रा पुन्हा खेळू लागतो, हा त्याचा पुरावा. रोग जुना झाला म्हणजे डोळ्याचा गोल फुगून मोठा दिसू लागतो. तोवर दृष्टी बहुधा गेलेली असते.

येथे रात्रपाळीच्या पाहरेकऱ्यांस एक विनंती करावीशी वाटते. रात्री विजेरीच्या उजेडात कुत्र्याचे डोळे चमकतात, हे आपण रोजच पाहता. एखाद्या रात्री एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली, अथवा एक डोळा चमकतो आणि दुसरा धुरकट दिसतो असे आढळले, तर ती गोष्ट सकाळच्या पाळीवर ढकलू नका. ज्या कुत्र्याने आपली राखण केली त्याची राखण करण्याची ती वेळ होय.

कोणी विचारील, लाल डोळा म्हणजे काचबिंदूच कशावरून? शंका रास्त आहे. कारखान्याच्या परिसरात धातूचा कीस किंवा धूळ डोळ्यात जाऊन पुढच्या पटलावर जखम होते, तेव्हाही डोळा लाल होतो. अश्रू कमी पडून डोळा कोरडा झाला तरी लाल होतो. आतील सुजेनेही होतो. डोळे येणे तर आहेच. आणि खरी मेख येथेच आहे. आतील सुजेत बाहुली बारीक होते आणि दाब उतरलेला असतो. काचबिंदूत बाहुली मोठी होते आणि दाब चढलेला असतो. पहिल्यावर बाहुली मोठी करणारे अॅट्रोपिनचे थेंब उपकारक ठरतात. तेच थेंब काचबिंदूत घातले तर निचऱ्याची उरलीसुरली वाटही बंद होण्याचा संभव असतो. सुजेवर उपयोगी पडणारे स्टेरॉइडचे थेंब पटलावरील जखमेत घातले तर ती चरत जाऊन डोळा फुटू शकतो. लाली तीच, औषधे परस्परविरुद्ध. म्हणून घरातील कोणाच्या तरी डोळ्यासाठी आणलेली अर्धी बाटली, मध, तूप, गुलाबपाणी, दुधाच्या घड्या हे उपचार करू नयेत. त्यांतील काही निरुपद्रवी असतीलही. पण त्यांत जो वेळ जातो तो निरुपद्रवी नाही.

मग खात्री कशाने करावयाची? मापनाने. डोळ्यातील दाब मोजण्याची यंत्रे आहेत. एकात पटलावर लहान वजन टेकवून ते किती दबते हे पाहतात. अलीकडच्या हातात धरावयाच्या यंत्रांत टाचणीएवढा बारीक दांडा पटलास क्षणमात्र स्पर्श करून परत येतो आणि त्याच्या गतीवरून दाब कळतो. ह्यास चार-पाच मिनिटे पुरतात व कुत्र्यास भूल द्यावी लागत नाही. मात्र मोजताना मान किंवा पापण्या आवळून धरू नयेत, नाहीतर आकडा खोटाच चढलेला दिसतो. प्रत्येक दवाखान्यात हे यंत्र असेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारावा: 'आपल्याकडे कुत्र्याच्या डोळ्याचा दाब मोजता येईल काय?' ह्या एका प्रश्नाने अर्धा दिवस वाचू शकतो.

मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे, आणि अंबड तर मुंबई-आग्रा महामार्गालगतच आहे. तरीपण परळ येथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर. आणि तीव्र काचबिंदूत तेवढा प्रवास दाब तसाच ठेवून करणे हितावह नव्हे. प्रथम नाशिकातच पशुवैद्याकडून दाब उतरवून घ्यावा, आणि मग पुढील शस्त्रक्रियेचा विचार करावयास तज्ज्ञाकडे जावे, हाच क्रम योग्य.

हा दाब उतरविण्याची विद्या फार जुनी नाही. जर्मनीत हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन सिद्ध केले. १८५७ च्या सुमारास फॉन ग्रेफे ह्या शस्त्रवैद्याने बुबुळाचा लहानसा भाग काढून माणसाच्या तीव्र काचबिंदूवर इलाज करता येतो असे दाखविले. आणि १८७६ साली लाक्वेर ह्या वैद्याने, जो स्वतःच ह्या रोगाने पीडित होता, पहिले परिणामकारक थेंब प्रचारात आणले. त्यापूर्वी हा रोग असाध्य समजला जात असे. आज आपल्या कुत्र्यास जे उपचार मिळतात ते माणसाच्या ह्याच दीर्घ खटपटीचे फळ होय.

तीव्र अवस्थेत पशुवैद्य पुढीलप्रमाणे उपाय करतात. लॅटानोप्रोस्ट नावाचे थेंब पुष्कळदा तासा-दोन तासांत दाब खाली आणतात; परंतु भिंग सरकून पुढे आले असेल तर तेच थेंब अपायकारक ठरतात, म्हणून ते आपल्या मनाने घालू नयेत. डॉर्झोलामाइडचे थेंब द्रवाची उत्पत्तीच कमी करतात. टिमोलॉलचेही कार्य तेच. पण हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेल्या कुत्र्यास ते जपून द्यावे लागते. एवढ्यानेही दाब उतरला नाही तर शिरेतून मॅनिटॉल देऊन डोळ्यातील पाणी ओढून घेतात. त्यानंतर काही तास कुत्र्यास पाणी देत नाहीत, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रोग असल्यास हा उपाय टाळतात. पुढे ज्या डोळ्यात दृष्टी शिल्लक आहे त्यात लेसर किरणांनी द्रव उत्पन्न करणारा भाग अंशतः जाळणे, किंवा निचऱ्यासाठी बारीक नळी बसविणे, अशा शस्त्रक्रिया करता येतात. औषधाने दाब उतरला म्हणजे रोग गेला असे मात्र समजू नये. दरवाजा तात्पुरता उघडला आहे, एवढेच.

घरी थेंब घालणे हे मोठे कौशल्याचे काम नव्हे, पण नेमाचे खास आहे. कुत्र्याच्या मागे किंवा बाजूस बसावे, हनुवटी वर करावी, बाटलीचे तोंड डोळ्यास न लावता वरून एकच थेंब सोडावा. दोन निरनिराळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटली उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत ठेवू नये. डॉर्झोलामाइड बहुधा दर आठ तासांनी घालावयास सांगतात. आणि कारखान्यांतून आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. फाटकाजवळच्या फळ्यावर तीन चौकटी आखाव्या, पाळी बदलताना जो पाहरेकरी आत येईल त्याने थेंब घालून आपल्या चौकटीत खूण करावी. जो कुत्रा 'कोणाचाच नाही' म्हणून आंधळा व्हावयाचा, तो अशा रीतीने सर्वांचा होऊन वाचेल. शिवाय मानेतला पट्टा काढून छातीवर बसणारा पट्टा वापरावा. मानेचा पट्टा ओढला असता डोळ्यातील दाब वाढतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोजून दाखविले आहे.

आता दुसऱ्या डोळ्याची गोष्ट. एक डोळा गेला म्हणजे लोक हळहळतात आणि उरलेल्या डोळ्यावर समाधान मानतात. परंतु आनुवंशिक काचबिंदू हा दोन्ही डोळ्यांचा रोग आहे. फक्त त्यांची पाळी एकाच दिवशी येत नाही. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या कुत्र्यांच्या दुसऱ्या डोळ्यास काहीच औषध दिले नाही त्यांपैकी निम्म्यांना सुमारे आठ महिन्यांत तोच रोग झाला. ज्यांना प्रतिबंधक थेंब चालू ठेवले त्यांच्या बाबतीत हाच काळ सुमारे एकतीस महिन्यांवर गेला. कुत्र्याच्या आयुष्यात जवळजवळ दोन वर्षांची दृष्टी ही लहान देणगी नव्हे. म्हणून पहिला डोळा दाखविण्यास गेलात तर दुसरा डोळाही तपासून घ्या, आणि तो निरोगी दिसत असतानाच त्याचे औषध विचारा.

शेवटी जो प्रश्न पुष्कळ कुटुंबांस अवघड वाटतो त्याकडे वळतो. दृष्टी गेली, डोळा फुगला, थेंबांनी दाब उतरत नाही. अशा वेळी पशुवैद्य डोळा काढून टाकण्याचा सल्ला देतात. ते ऐकून घरातील वडील माणसे म्हणतात, 'देवाने दिलेला अवयव कशाला कापावा? असू द्या तसाच.' ह्या बोलण्यात दया आहे, पण ती अर्धी आहे. त्या डोळ्याने पाहणे थांबले असले तरी दुखणे थांबलेले नसते. तो डोळा तसाच ठेवणे म्हणजे मुक्या जिवास आयुष्यभर डोकेदुखी बहाल करणे होय. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, १९६०, ह्याच्या तिसऱ्या कलमाने, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचे हित पाहावे व त्यास विनाकारण वेदना होऊ देऊ नये, असे कर्तव्य घालून दिले आहे. कायद्याचा धाक घालण्याचा येथे हेतू नाही. दत्तगुरूंच्या पायाशी आणि खंडोबाच्या पाठोपाठ ज्याला आपण स्थान दिले त्याच्याविषयी हे कर्तव्य आपणांस कायद्याने शिकवावे लागू नये.

शस्त्रक्रियेनंतर पापण्या शिवून टाकतात, दहा ते चौदा दिवसांनी टाके काढतात, आणि पुढे त्या जागी केस उगवून व्रण बराचसा झाकला जातो. आरशात पाहून खंत करणे हा मनुष्यस्वभाव आहे, श्वानाचा नव्हे. अनेक मालकांचा अनुभव असा की टाके निघण्यापूर्वीच कुत्रा पूर्वीसारखा खाऊ-खेळू लागतो, आणि मग घरच्यांना कळते की गेले कित्येक महिने तो म्हातारा झाला नव्हता, तर दुःखात होता. ज्यांना रिकामी खोबण पाहवत नाही त्यांच्यासाठी डोळ्याच्या आतील भाग काढून गोळी बसविण्याचीही सोय आहे. पण निवड करताना आपल्या डोळ्यांचा नव्हे, त्याच्या वेदनेचा विचार प्रथम व्हावा.

दोन्ही डोळे गेले तरी कुत्र्याचे जीवन संपत नाही. त्याचे जग मुख्यतः वासाचे आणि आवाजाचे. पाणी व अन्न नेमक्या जागी ठेवावे, घरातील सामान वारंवार हलवू नये, जिन्यास आडोसा करावा, स्पर्श करण्यापूर्वी नावाने हाक मारावी. फाटकावरच्या आंधळ्या कुत्र्यास मात्र मालवाहू गाड्यांच्या रहदारीत मोकळे सोडू नये. त्यास आवारात सुरक्षित जागा द्यावी. पुष्कळ कुत्री थोड्याच आठवड्यांत घराचा नकाशा मनात बिनचूक आखून घेतात.

श्रोतेहो, तात्पर्य थोडक्यात असे. लाल डोळा, धुरकट पटल आणि मोठी बाहुली ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर त्याच दिवशी दाब मोजून घ्यावा. दृष्टी असेल तर ती राखावी, नसेल तर वेदना तरी राहू देऊ नये. आणि दुसरा डोळा विसरू नये. ह्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. रोज एकदा आपल्या कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांकडे उजेडात नीट पाहण्याची सवय पुरेशी आहे. तो आपल्याकडे दिवसभर पाहात असतो. आपण दिवसातून एक मिनिट त्याच्याकडे पाहावे, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.